देखणी, पण टिकेल का?

युरोपीय गाडीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, 'दिसते मात्र झकास.' दुसरं, 'पण मेंटेनन्स झेपेल का?' चाकणला जर्मन गाड्या तयार होऊ लागल्याला दीड दशक उलटलं, तरी दुसरं वाक्य मागे पडायला तयार नाही. एका पारड्यात रूप आणि दुसऱ्यात भरवसा, असा तराजू मारुती घेताना कोणी काढत नाही. युरोपीय गाडी दिसली की तो आपोआप हातात येतो. मोटारीच्या जन्मापासून मात्र तो नव्हता.

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे तर तो असण्याचं कारणच नव्हतं, कारण ऐपतदार माणूस गाडी दोन ठिकाणांहून घ्यायचा. रोल्स-रॉइस किंवा हिस्पानो-सुइझाकडून नुसती चासी यायची: इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, स्टिअरिंग. मग ती चासी कोचबिल्डरकडे जायची. लंडनच्या हूपरसारखे हे कारागीर मालकाच्या मर्जीप्रमाणे लाकडी चौकट उभी करून तिच्यावर पत्रा चढवत. आपल्या संस्थानिकांच्या रोल्स अशाच घडल्या. रूप फसलं तर जाब कोचबिल्डरला, इंजिन बसलं तर कारखान्याला. फॅशन बदलली की चासी तीच ठेवून अंग नवं चढवून घ्यायचं. दोन खाती वेगळी, दोघांचे हिशेब वेगळे.

ही खाती एकत्र करण्याची सुरुवात तूरिनच्या विन्चेन्झो लान्चाने केली. १९२२ मध्ये त्याने लाम्ब्दा ही गाडी जगापुढे मांडली. तिला वेगळी चासी नव्हतीच, अंगाचा पत्राच सगळा भार पेलत होता. गाडी हलकी झाली, बुटकी झाली, वळणावर रस्ता धरून चालू लागली. १९३४ मध्ये सिट्रोएनने ट्रॅक्शन अव्हाँ आणली आणि हीच कल्पना मध्यमवर्गाच्या दारात नेली. तिचा आकार फ्लामिनिओ बेर्तोनी या मुळात शिल्पकार असलेल्या इटालियन माणसाने घडवला होता आणि तो आजही नजर धरून ठेवतो. पण गाडी घाईने बाजारात आली. पुढच्या चाकांना ताकद पोचवणारी यंत्रणा त्रास देऊ लागली, पैसा आधीच संपत आला होता, आणि वर्ष संपायच्या आत कंपनी दिवाळखोरीत जाऊन मिशलिन या टायरवाल्यांच्या हाती गेली. गंमत म्हणजे तीच ट्रॅक्शन पुढे १९५७ पर्यंत बनत राहिली आणि दणकट गाडी म्हणून नावाजली. पहिल्या वर्षीची ट्रॅक्शन घेणारा आणि शेवटच्या वर्षीची घेणारा, दोघांनी एकाच नावाच्या दोन वेगळ्या गाड्या घेतल्या म्हणायच्या.

एकसंध अंगाची खरी किंमत कळायला मात्र बराच वेळ लागला. चासीवर बसवलेलं अंग गंजलं तर गाडी कुरूप होते. भार पेलणारं अंग गंजलं तर ती मोडते.

त्याआधी थोडं रूपाच्या सुवर्णकाळाबद्दल. १९५५ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या प्रदर्शनात सिट्रोएनने डीएस दाखवली. आकार पुन्हा बेर्तोनीचाच. पहिल्या दिवसअखेर बारा हजार लोकांनी नाव नोंदवलं, आणि त्यांतल्या एकानेही ती गाडी पावसाळाभर वापरून पाहिलेली नव्हती. तिचं सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग, गिअर सगळं एकाच दाबाखालच्या द्रवावर चाले. सुरुवातीचा लाल द्रव हवेतला ओलावा शोषून घेई आणि यंत्रणा आतून गंजे. गळती झाली की गाडी जमिनीला टेकून बसे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हिरवं खनिज तेल आलं तेव्हा हा ताप आटोक्यात आला. याच डीएसने १९६२ मध्ये पॅरिसजवळ पेती-क्लामार इथे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्यावर गोळीबार झाला तेव्हा टायर फुटलेले असतानाही त्यांना सुखरूप बाहेर काढलं. तेव्हा ती बेभरवशाची होती की जिवाला जीव देणारी, हे ज्याने त्याने ठरवावं.

१९६४ पासून युरोपातले मोटार-पत्रकार एकत्र येऊन 'कार ऑफ द इयर' निवडू लागले. त्या यादीत १९६८ चा मान एनएसयू आरओ-८० या जर्मन गाडीला मिळाला. क्लाउस लूथेने काढलेली तिची रेषा इतकी पुढची होती की विसेक वर्षांनंतरच्या गाड्या तिच्या बहिणी वाटतात. इंजिन व्हँकेलचं, म्हणजे पिस्टन नाहीत, त्याऐवजी फिरणारा त्रिकोणी रोटर. त्या रोटरच्या टोकांवरची सीलं लवकर झिजायची आणि आख्खं इंजिन बदलावं लागायचं. कंपनी वॉरंटीत ते बदलूनही देई. रस्त्यात दोन आरओ-८० समोरासमोर आल्या की चालक एकमेकांना बोटं दाखवतात, किती इंजिनं बदलली ते सांगायला, असा विनोद तेव्हा जर्मनीत चालायचा. १९६९ मध्ये एनएसयू फोक्सवॅगनच्या घरात विलीन झाली. पुढे १९७७ चा मान रोव्हर ३५०० ला गेला आणि तिचीही बांधणीच्या ढिसाळपणाने बदनामी झाली. परीक्षकांना दोष देता येत नाही. नव्या गाडीचं रूप एका फेरीत दिसतं, चाल एका दिवसात कळते, टिकाऊपणा कळायला पाच पावसाळे जावे लागतात आणि बक्षीस त्याआधी द्यायचं असतं.

मला सगळ्यांत जास्त हळहळ वाटते ती आल्फासूदची. आल्फा रोमेओ तेव्हा सरकारी मालकीची होती. दक्षिण इटलीतल्या बेकारीवर उपाय म्हणून नेपल्सजवळ पोमिल्यानो द'आर्को इथे नवा कारखाना काढायचं ठरलं. ऑस्ट्रियन अभियंता रुडॉल्फ ह्रुश्का याच्याकडे गाडीची जबाबदारी, जॉर्जेत्तो जुजारोकडे आकाराची. १९७१ मध्ये तूरिनच्या प्रदर्शनात ती आली तेव्हा छोट्या गाडीने वळण कसं घ्यावं याचा तो धडाच होता. आडवं पसरलेलं चार सिलिंडरचं इंजिन, खाली झुकलेलं नाक, आत माणसांना ऐसपैस जागा. आणि मग ती गंजू लागली. इतक्या लवकर, की काही गाड्यांचे हप्ते फिटायच्या आधी पत्र्याला भोकं पडली होती. रशियाहून आलेल्या हलक्या पोलादाची कथा आजही चवीने सांगितली जाते, पण तिची गरज पडू नये इतकी साधी कारणं कारखान्यातच होती. संप आणि गैरहजेरीमुळे लाइन थांबायची, रंग न लागलेली अंगं तशीच पडून राहायची. आवाज कमी व्हावा म्हणून पोकळ खांबांमध्ये भरलेला फोम पाणी धरून ठेवायचा. म्हणजे गंज आतून सुरू व्हायचा आणि बाहेर दिसेपर्यंत खेळ संपलेला असायचा.

लान्चाची कथा याहून कडू आहे. १९६९ मध्ये फियाटने ही कर्जबाजारी कंपनी घेतली आणि १९७२ मध्ये बीटा आणली. जिथे इंजिनाची चौकट अंगाला जोडलेली असते, नेमका तिथला पत्रा ब्रिटनमध्ये कुजू लागला. १९८० मध्ये तिथल्या वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीने प्रकरण उचललं, कंपनीला लोकांच्या गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. थंडीत बर्फ वितळवायला ब्रिटनच्या रस्त्यांवर मीठ टाकतात, नेपल्सच्या रस्त्यावर त्याची गरज पडत नाही, हाही या गोष्टीतला एक धागा. पुढे १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षं जागतिक रॅलीचं उत्पादकांचं विजेतेपद लान्चाने जिंकलं. जगातल्या सगळ्यांत खडतर रस्त्यांवर, बर्फात, चिखलात, आफ्रिकेच्या धुळीत. ब्रिटिश गिऱ्हाइकावर त्याचा ढिम्म परिणाम झाला नाही. १९९४ मध्ये लान्चाने ब्रिटनमधून गाशा गुंडाळला. दोष दहा वर्षांत दुरुस्त होतो, लौकिक व्हायला पिढी जाते. १९८० च्या दशकात ऑडीने जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा सर्रास वापरायला घेतला, फियाटने १९८८ च्या टीपोमध्ये तेच केलं, आणि युरोपीय गाडीचा गंज हा विषय बऱ्यापैकी मिटला. तरी आजही इंग्लंडात कुणी आल्फा घेतली की शेजारी गंजाचं विचारतोच.

गंज इतका जाचक ठरला याला कायदाही कारण होता. जर्मनीत १९५१ पासून ठरावीक काळाने गाडी तपासून घेणं सक्तीचं झालं, ब्रिटनमध्ये १९६० पासून. तपासनीस पत्र्यात स्क्रू-ड्रायव्हर खुपसून बघे आणि तो आत गेला की गाडी रस्त्याबाहेर. १९७८ पासून जर्मनीतला एडीएसी हा वाहनधारकांचा क्लब रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची आकडेवारी छापू लागला. तोवर भरवसा ही ऐकीव गोष्ट होती, आता तिला आकडा मिळाला.

आणि मग जपानी आले. इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: १९७० च्या दशकातल्या डॅटसन आणि टोयोटाही भरपूर गंजायच्या, कधी कधी इटालियन गाड्यांइतक्याच. पण जानेवारीच्या सकाळी किल्ली फिरवली की इंजिन सुरू व्हायचं, आणि रेडिओ किमतीतच यायचा. भरवशाची व्याख्याच तिथे बदलली. आधी भरवशाची गाडी म्हणजे पुष्कळ वर्षं चालणारी, आता भरवशाची म्हणजे रोज सकाळी सुरू होणारी. फ्रान्सने जपानी गाड्यांना बाजाराच्या तीन टक्क्यांवर रोखून धरलं, इटलीने तर त्याहून कडक कोटा लावला. त्यामुळे जर्मन किंवा ब्रिटिश गिऱ्हाइकाला तुलना करायला जी गाडी समोर दिसत होती, ती मिलानच्या गिऱ्हाइकाला जवळपास दिसतच नव्हती.

आता फियाट १२४ कडे येतो, कारण या एका गाडीच्या नशिबात ही सगळी गोष्ट साठवलेली आहे. साधी, चौकोनी, नीटस गाडी. १९६७ ची 'कार ऑफ द इयर'. तूरिनमध्ये तिचं आयुष्य १९७४ मध्ये संपलं. पण १९६६ मध्येच फियाटने सोव्हिएत सरकारशी करार केला होता, व्होल्गाकाठी तोल्याती इथे कारखाना उभा राहिला आणि १९७० मध्ये तीच गाडी झिगुली म्हणून बाहेर पडली. सोव्हिएत अभियंत्यांनी तिला आधी आपल्या रस्त्यांवर पिटून काढलं. अंगाला तडे गेले. मग पत्रा जाड केला, गाडी जमिनीपासून उचलली, मागच्या डिस्क ब्रेकमध्ये चिखल अडकतो म्हणून ड्रम लावले, बॅटरी गोठली तर हाताने फिरवायला हँडल दिलं. दिसायला जवळपास तीच गाडी, पण तिच्याकडून अपेक्षा वेगळी. वर्कशॉप शेकडो मैलांवर असलेल्या माणसाला ती स्वतः खोलता आली पाहिजे, ही ती अपेक्षा.

त्याच १२४ चं तिसरं घर आपल्याकडे. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एनई आणली. अंग फियाट १२४ चं, इंजिन आणि गिअरबॉक्स निस्सानचा. इटालियन रूप आणि जपानी भरवसा यांची अशी उघड सोयरीक जगात क्वचितच कुणी लावली असेल.

पण मुंबईच्या मनातली फियाट ती नव्हे. ती ११००. प्रीमियरचा कारखाना कुर्ल्याला. १९५० च्या दशकात तिथून गोल नाकाची ११०० निघू लागली आणि तोंडावळ्यावरून लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हणून टाकलं. त्यानंतर, १९६० च्या दशकाच्या मध्यात ११०० डी आली, आणि १९७४ च्या सुमारास तिचंच बारसं 'पद्मिनी' म्हणून झालं. इटलीत ११०० डी जेमतेम चार वर्षं बनली. कुर्ल्यात ती शतक संपेपर्यंत बनत होती. लायसन्स-परमिटच्या काळात नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं आणि मग मिळेल तो रंग घ्यायचा, तिथे रूप आणि भरवसा तोलतो कोण? पण टॅक्सी म्हणून ती मुंबईत जी टिकली ती केवळ पर्याय नव्हता म्हणून नव्हे. समुद्राची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी तिचा पत्राही खाल्ला, पायाखालच्या भोकातून रस्ता दिसणाऱ्या टॅक्सीत पुष्कळ मुंबईकर बसले आहेत. फरक इतकाच की टिंकरवाला दुपारी ठिगळ जोडायचा आणि संध्याकाळी टॅक्सी धंद्यावर. कार्बोरेटर साफ करणं, पॉइंट घासणं, क्लच प्लेट बदलणं ही कामं फूटपाथवर होत. कुर्ल्याच्या भंगार बाजारात न मिळणारा पार्ट नव्हता. म्हणजे पद्मिनी बिघडत नव्हती असं नाही, ती दुरुस्त होत होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली, वीस वर्षांची मुदत संपली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती अधिकृतपणे रस्त्यावरून उतरली.

माझ्या मते इथेच या तराजूची गोम आहे. भरवसा म्हणजे न बिघडणं, हा जपानी अर्थ. भरवसा म्हणजे बिघडल्यावर आजच्या आज, परवडेल त्या पैशात नीट होणं, हा कुर्ल्याचा आणि तोल्यातीचा अर्थ. दुसरा अर्थ गाडीत नसतो, गाडीच्या आजूबाजूला असतो.

फियाटला याचा झटका आपल्याकडेच बसला. १९९६ मध्ये उनो आली तेव्हा अडीच लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले, पण कुर्ल्यात संप झाला आणि गाड्या वेळेत निघाल्याच नाहीत. त्याच सुमारास कल्याणला तयार होणारी प्यूजो ३०९ काही वर्षांतच बंद पडली. चांगली डिझेल गाडी होती, मालक पार्टसाठी वणवण फिरत राहिले. मग २००९ मध्ये फियाटने ग्रांदे पुंतो आणली, पुण्याजवळच्या रांजणगावहून, जुजारोच्या हातची. त्या किमतीत तिच्याइतकी देखणी गाडी आपल्या रस्त्यावर तेव्हा दुसरी नव्हती, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. तिच्यात १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन होतं. तेच इंजिन परवान्यावर मारुतीच्या स्विफ्टमध्ये आणि डिझायरमध्ये होतं, टाटांच्या व्हिस्टामध्येही होतं. वाहनप्रेमी गमतीने त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. स्विफ्ट डिझेलसाठी लोक महिनोन्महिने थांबले आणि पुंतो शोरूममध्ये उभी राहिली. इंजिन एकच. लोकांनी विकत घेतलं ते मारुतीचं वर्कशॉप, तालुक्याच्या गावी असलेलं. २०१९ मध्ये फियाटने भारतात गाड्या विकणं थांबवलं.

आजच्या युरोपीय गाडीत गंज नाही, संपाचा घोळ नाही. आता वजनदार झालं आहे ते गुंतागुंतीचं पारडं. बीएमडब्ल्यूच्या २००७ नंतरच्या एन-४७ डिझेल इंजिनात टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे बसवली होती. ती झिजली की दोन पैशांच्या कामासाठी आख्खं इंजिन उतरवायचं. प्यूजो-सिट्रोएनच्या प्युअरटेक इंजिनात टायमिंग बेल्ट तेलात भिजत फिरतो, त्याचा भुगा तेलात उतरून जाळी तुंबते, आणि युरोपात त्यापायी मोठा गहजब झाला. फोक्सवॅगन गटाच्या सात गिअरच्या ड्राय-क्लच डीएसजीसाठी २०१३ मध्ये चीनमध्ये लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. या तिन्ही घरांच्या गाड्या चालवायला सुरेख आहेत. फूटपाथवरचा मेकॅनिक यांतलं काहीच उघडू शकत नाही, लॅपटॉप आणि कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. म्हणजे आजची युरोपीय गाडी जपानी अर्थाने कमी भरवशाची आणि कुर्ल्याच्या अर्थाने त्याहून कमी. आपल्याकडे सहा-सात वर्षं जुनी जर्मन सेदान नव्या हॅचबॅकच्या भावात मिळते ती याच कारणाने. गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही.

म्हणून घेऊच नये का? जरूर घ्या. देखणी गाडी रोज सकाळी दारात दिसण्यालाही मोल आहे, आणि ते ज्याला कळतं त्याला पटवायला लागत नाही. फक्त पाहायला जाल तेव्हा रंगाआधी चार गोष्टी विचारा: इंजिनाचा कोड कोणता, चेन किंवा बेल्ट कधी बदलला, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं, आणि तुमच्या गावापासून तिचं वर्कशॉप किती किलोमीटरवर आहे. सगळ्या सर्व्हिसच्या पावत्या मालकाने काढून दाखवल्या तर बोलणी सुरू करा. दाखवल्या नाहीत तर चहा घ्या आणि परत या.